कॉलेजच्या प्रकल्पासाठी सणाच्या दिवसांत हाताने बनवलेल्या वस्तू विकायच्या आहेत. किंमत कशी ठरवावी आणि माल किती बनवावा?

कच्च्या मालाचा खर्च काढा आणि त्यावर थोडा नफा चढवा, हे तुम्हाला एव्हाना बऱ्याच जणांनी सांगितलं असेल. मी सांगेन, आधी तुमच्या हातांचे तास लिहून काढा. मालाचा हिशेब कोणालाही जमतो.

आमच्या गटाने ग्लासातल्या सुवासिक मेणबत्त्या केल्या होत्या, 120 नग. गटात पाच जण, पण मेणाला हात लावणारे आम्ही दोघंच. मेण वितळवलं, ओतलं की झालं, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात मेणाचं भांडं थेट आचेवर ठेवता येत नाही, मेण पेट घेऊ शकतं. म्हणून पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून सावकाश वितळवायचं. मग सुगंधी तेल वजन करून घालायचं, आम्ही किलोला 60 ग्रॅम घालत होतो. पॅराफिन मेण थंड होताना आकसतं, त्यामुळे ओतलेलं मेण गोठलं की वातीभोवती खड्डा पडतो. तो भरायला पुन्हा मेण गरम करा, पुन्हा ओता. वातीचंही तसंच. पहिली वात बारीक निघाली: मधोमध विहिरीसारखं खोल जळत गेलं आणि कडेचं मेण जसंच्या तसं राहिलं. दुसरी जाड घेतली तर ग्लासाच्या तोंडाशी काजळी धरली. तिसरी जमली.

भांड्यात एका वेळी 12 ग्लासांपुरतंच मेण मावायचं. एका घाण्याला अडीच तास, असे 10 घाणे, दोघांचे मिळून 50 तास. लेबल आणि रिबिनीला नगामागे 4 मिनिटं, म्हणजे आणखी 8 तास. वाती जाळून बघण्यात 3 गेले. एकूण 61. हे मी आठवून सांगत नाहीये, वहीच्या शेवटच्या पानावर रोजची सुरुवातीची आणि शेवटची वेळ मी लिहून ठेवत होते.

अहवालात मी मजुरीची वेगळी ओळ घातली. आमच्या गटप्रमुखाने ती खोडली. म्हणाला, ‘आपण काय पगार घेतलाय का?’ मार्गदर्शक सरांनीही त्याचीच बाजू घेतली: विद्यार्थ्यांची मेहनत हा खर्च नसतो. मजुरी शून्य धरल्यावर आमचा ‘नफा’ झाला आणि सादरीकरणात टाळ्या पडल्या. त्याच सत्रात आम्हाला संधी खर्च शिकवला होता, म्हणजे एक काम निवडल्याने दुसऱ्या कामातली जी कमाई सुटते ती. ते 61 तास आम्ही दोघांनी शिकवणीला किंवा कुठल्या अर्धवेळ कामाला दिले असते तर आम्हाला पैसे मिळाले असते, आणि ते आमच्या त्या नफ्याहून जास्त असते. म्हणजे आम्ही तोट्यात होतो. पैसे हातातून गेले नाहीत म्हणून तो तोटा कोणाला दिसला नाही, एवढंच. मी तेव्हा बरोबर होते आणि आजही माझं मत तेच आहे.

याचा तुमच्या किमतीशी थेट संबंध आहे. मजुरी शून्य धरली की भाव पाडताना हात थरथरत नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आमचे 40-45 नग उरले होते. गटप्रमुखाने मला न विचारता पाटी लावली आणि मालाच्या खर्चाहूनही कमी भावात विकायला सुरुवात केली. दुपारी पूर्ण किमतीत चार मेणबत्त्या नेलेल्या एक बाई परतताना टेबलापाशी थांबल्या. पाटी वाचली, हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेल्या. भांडल्या असत्या तर मला कमी लागलं असतं. शेवटच्या दिवशी भाव पाडू नका. कितीही माल उरला तरी नाही.

किती बनवायचं याचा ठोस आकडा मी देऊ शकत नाही, तुमची वस्तू काय आहे तेच तुम्ही लिहिलेलं नाही. पण सण वस्तूत घालू नका, वेष्टनात घाला. पाटी काढायला लावल्यावर आमच्याकडे 34 नग राहिले. त्यांच्या शुभेच्छांच्या चिठ्ठ्या आणि रिबिनी मी सोडवल्या, साधी लेबलं लावली, आणि पुढच्या दोन महिन्यांत ते सगळे पूर्ण किमतीत गेले. मेणातच सणाचा आकार ओतला असता तर ते वर्षभर कपाटात पडून राहिले असते. सुरुवातीला थोडेच नग करा, ते दाखवून आगाऊ मागणी घ्या, मग पुढचे घाणे लावा. आणि ओळखीच्यांनी घेतलेले नग मागणी म्हणून मोजू नका, ते तुमच्या तोंडाकडे बघून घेतात.

एक मान्य करते: पूर्ण मजुरी धरून काढलेली किंमत बाजारात चालेलच असं नाही. यंत्रावर बनलेली तशीच वस्तू शेजारी असेल तर बहुधा नाहीच चालणार. तेव्हा किंमत कमी ठेवा, पण मजुरीतलं किती सोडलं ते कागदावर दिसू द्या, किंवा कमी वेळात होणारी वस्तू निवडा. मेणबत्त्याच करणार असाल तर प्रत्येक ग्लासावर ‘जळती सोडून जाऊ नये’ हे छापा. नवा ग्लास किंवा नवी वात आली की विकण्याआधी एक नग पूर्ण जाळून बघा.

प्रकल्पाचे पैसे देणगीत जाणार असतील तर मजुरी घेण्याचा प्रश्नच नाही. तरीही तास लिहा आणि त्या ओळीपुढे ‘सोडले’ असं लिहा, शून्य नको.