पुण्याहून लंडनला: लहान बाळांचे फोटो काढणाऱ्यांसाठी

कोथरूडमधला बेबी स्टुडिओ बंद करून नवऱ्यासोबत डिपेंडंट व्हिसावर लंडनला येताय आणि इथे हेच काम करायचंय. काय आणू, काय शिकून येऊ, असं तुम्ही विचारलंत. या व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येतो. खरा फरक पडेल तो बाळाच्या वयाचा.

पुण्यात बरीच घरं सवा महिना बाळ-बाळंतिणीला बाहेर काढत नाहीत, त्यामुळे स्टुडिओत येणारं बाळ बहुधा पाच-सहा आठवड्यांचं असतं. इथे न्यूबॉर्न शूट पाचव्या ते चौदाव्या दिवसात मागतात, कारण तेव्हा बाळ गाढ झोपतं आणि अंग मुडपून घेतं. एवढ्या कोवळ्या बाळांना हाताळायला शिकूनच निघा. खोली 26 ते 28 अंश गरम हवी. इथल्या घरांत हीटिंग बहुतेक विशीच्या आसपास असतं, म्हणून तासभर आधी वाढवायला सांगा. हीटरचा झोत मात्र बाळावर नको. पावलं जांभळट दिसली की गुंडाळलेलं कापड सैल करा, पोझ मोडा. हनुवटी छातीला टेकू देऊ नका, श्वास अडतो. तळव्यांवर हनुवटी टेकलेली बेडकाची पोझ एका फोटोत कधीच घेऊ नका: एकदा डोकं धरून, एकदा मनगटं धरून असे दोन फोटो काढायचे आणि फोटोशॉपमध्ये जोडायचे. आजी-मावशी इथे हाताशी नसतात आणि आईचे टाके ओले असतात, तेव्हा वडिलांना बाळाला खेटून बसवा.

नोव्हेंबर ते जानेवारी खिडकीच्या उजेडावर विसंबू नका. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, आणि भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर असतो. झोपलेल्या बाळाला 1/125 सेकंदाचा शटर स्पीड चालतो, रांगणाऱ्याला किमान 1/250 लागतो. ढगाळ दिवशी घरात तेवढ्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) फार चढतो आणि नितळ त्वचेवर दाणे येतात. बॅटरीवरचा फ्लॅश पांढऱ्या छतावर मारा. भिंत रंगीत असेल तर तिच्याकडे वळवू नका, तो रंग गालावर उतरतो.

फ्लॅश पुण्याहून आणा, स्टँड आणि सॉफ्टबॉक्स इथे घ्या. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. फक्त पिन वेगळी. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवायच्या. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर 100 वॅट-अवरच्या पुढे गेलं तर एअरलाइनची परवानगी लागते. महाग कॅमेरा-लेन्सचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून घ्या, म्हणजे सुट्टीवर परतताना ड्यूटीचा वाद होत नाही.

कायद्याचं नीट समजून घ्या. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क गिऱ्हाइकाचा असतो. ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्याने तो फोटोग्राफरचा, पण घरगुती कामासाठी काढलेला फोटो गिऱ्हाइकाच्या संमतीशिवाय लोकांसमोर मांडता येत नाही. म्हणजे इन्स्टाग्रामसाठी लेखी परवानगी, तीही शूटच्या आधी. पब्लिक लायबिलिटी विमा, म्हणजे कामात दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा, पहिल्या कामाआधी काढा. करवर्ष 5 एप्रिलला संपतं; वर्षाची जमा 1000 पौंडांवर गेली की पुढच्या 5 ऑक्टोबरपर्यंत सेल्फ असेसमेंटची, म्हणजे आपला कर आपणच मांडून भरण्याच्या पद्धतीची, नोंदणी करायची.

सामानात जागा उरली तर तुळशीबागेतून मऊ मलमल, दोन कुंच्या आणि हलव्याचे दागिने घ्या. इथली मराठी घरं बोरन्हाणाचे फोटो हौसेनं काढून घेतात. फक्त फोटो झाले की दागिने लगेच उतरवा. हलव्याचा सुटलेला दाणा बाळाच्या घशात अडकू शकतो.