कमांड म्हणजे कमान नव्हे

कामठीच्या एका वाचकांनी विचारलंय: लष्कराच्या 'कमांड अँड कंट्रोल' पथकांना लागणाऱ्या डिजिटल साधनांचं माहितीपत्रक मराठीत करतोय. 'आज्ञा व नियंत्रण पथकांसाठी सहयोग साधने' हे शीर्षक चालेल का?

अर्थ कळतो, पण 'आज्ञा' आणि 'सहयोग' खटकतात.

आज्ञा दिली की संपली. कमांड म्हणजे आज्ञा देण्याचा पदाबरोबर आलेला अधिकार, आणि परिणामांची जबाबदारीसुद्धा. हिंदीत याला 'कमान' म्हणतात. आपल्या नागपूरच्या वायुसेनानगरातल्या हवाई दलाच्या मुख्यालयाचं हिंदी नाव 'अनुरक्षण कमान'. लहानपणी ते वाचून मी तिथे गांधी गेटसारखी कमान शोधली होती! मराठीत कमान दाराची, फार तर धनुष्याची. आपल्याकडे 'हुकमत' हा सुरेख शब्द आहे. भाषेवर असते तशी ती पलटणीवरही असते. मजकुरात 'अमक्याच्या हुकमतीखाली' बिनधास्त लिहा. शीर्षकात मात्र तो दरबारी वाटेल, तिथे 'कमांड'च राहू द्या.

'कंट्रोल'ची गंमत वेगळी. वर्तमानपत्रं कधी 'नियंत्रण रेषा' लिहितात, कधी 'ताबारेषा'. तिथे जमीन कुणाकडे हा सवाल असतो, म्हणून मला ताबा जास्त नेमका वाटतो. तुमच्याकडचा कंट्रोल तसा नाही. दिलेला हुकूम कुठवर गेला, कोणती तुकडी कुठे अडली, हे बघत पुढची सूत्रं हलवायची. म्हणजे पोलिसांच्या नियंत्रण कक्षातलं नियंत्रण. तो शब्द बरोबर आहे.

'सहयोग' मात्र काढाच. महाल भागातल्या गणपतीच्या मंडपावर 'अमुक पतसंस्थेच्या सहयोगाने' असं दिसलं की पैसे कुणाचे ते आपण ओळखतो. तुमच्या साधनांत एकाच नकाशावर आपल्या निळ्या आणि शत्रूच्या लाल खुणा सगळ्यांना एकाच वेळी दिसतात, त्यावर तिथल्या तिथे बोलणं होतं. हा 'समन्वय'. 'कमांड व नियंत्रण पथकांसाठी समन्वयाची साधने' असं करा.

तुम्ही विचारलं नाही, पण माहितीपत्रकातल्या चित्रात 'ॲक्नॉलेज'च्या बटणावर 'मान्य' छापलंय. वायरलेसवर 'रॉजर' म्हणजे संदेश मिळाला, एवढंच. 'विल्को' म्हणजे मिळाला, समजला, तसं करतो. 'मान्य' म्हटलं की नुसता संदेश वाचणारा शिपाई थेट विल्को म्हणून बसेल. त्या बटणावर आपला टपालातला जुना शब्द टाका: 'पोच'.