कूलर बंद करून सा लाव

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज सकाळीच पाहिला. कोलकात्याच्या संगीत अकादमीतून गाण्याच्या चाचणीचं बोलावणं आलंय आणि खाली तुझा प्रश्न, ‘सर, जाऊ का?’ ‘जा’ एवढं उत्तर मोबाइलवर टाकता आलं असतं. पण मग तुझे बाबा जे सतरा प्रश्न काढतील, त्यांना तू काय सांगणार? म्हणून कागद घेतला. मे महिन्यातली दुपार आहे, नागपूरच्या महाल भागातल्या या घरात तीन वाजता कागद-पेनाशिवाय दुसरं काही हातात धरवतही नाही.

आधी त्या जागेबद्दल. आयटीसी संगीत रिसर्च अकादमी १९७७ साली सुरू झाली, कोलकात्यात टॉलीगंजला. कंपनी सिगारेटची, मूळ नाव इंपीरियल टोबॅको. म्हणजे जगाच्या फुप्फुसांचं काय व्हायचं ते होवो, पण त्या पैशातून काही गळे मात्र फार सुंदर घडले. हा विनोद तिथल्या कुणासमोर करू नको. पण विसरूही नको, कारण आपल्या गाण्याचा इतिहास बराचसा ‘गवयाला जेवू कोण घालतो’ याचाच इतिहास आहे.

बघ, निसार हुसेन खाँसाहेब हे सहसवान घराण्याचे, बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या दरबारी गायक होते. दरबार गेले. संस्थानिकांचे तनखेसुद्धा १९७१ मध्ये बंद झाले, आणि त्याच साली या कंपनीनं दिल्लीत आपलं पहिलं संगीत संमेलन भरवलं. मुद्दाम जुळवलेलं नसणार, पण पुढं तेच खाँसाहेब या कंपनीच्या अकादमीत गुरू म्हणून आले. विजय किचलू हे तिथले पहिले संचालक, स्वतः गाणारे, भाऊ रवी यांच्याबरोबर त्यांची जोडी होती. त्यांनी एकेक बुजुर्ग गाठून कोलकात्याला आणला. आग्र्याचे लताफत हुसेन खाँ, बनारसच्या गिरिजादेवी, जयपूर गायकीचे आपले कोल्हापूरचे निवृत्तीबुवा सरनाईक. एके काळी एका घराण्याचा शागीर्द दुसऱ्याची मैफल ऐकायला गेला तर घरी बोलणी खायचा. ती सगळी घराणी एका कुंपणात आली, गुरूंना राहायला घर, महिन्याला मानधन, आणि शिष्यांना, म्हणजे स्कॉलरना, राहणं-शिकणं फुकट, वर विद्यावेतन.

फुकट हा शब्द वाचून बाबांचा चेहरा जरा सैल होईल.

पण तुझ्या हॉलमध्ये विशारदचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय न, ते वेगळ्या घरातून आलंय. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाच्या पैशावर नाही. जाहीर जलसे करायचे, तिकीट लावायचं, देणग्या मागायच्या. गाणं चारचौघांच्या घरात गेलं, मुली शिकू लागल्या, ते त्या धडपडीमुळं. १९०८ ला मुंबईत शाळा आणली, कर्ज काढून इमारत बांधली, आणि पुढं कर्जापायी त्या इमारतीचा लिलाव झाला. त्यांच्या शिष्यांनी मग १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं, त्याच्या परीक्षा आपण अजून देतो. दुसरीकडं भातखंडे. पेशानं वकील, त्यामुळं पुरावा पाहिजे! गावोगाव फिरून बंदिशी लिहून घेतल्या, रागांची विभागणी दहा थाटांत मांडली, १९२६ ला लखनौत संगीताचं मॅरिस कॉलेज काढलं. तिथं सरकार आलं, अभ्यासक्रम आला, वर्ग आणि तासिका आल्या. आपल्या जवळचं खैरागडचं संगीत विद्यापीठ त्याच वाटेवरचं. राजघराण्यानं मुलीच्या आठवणीत वाडा दिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला विद्यापीठ उघडलं. तारीख ओळखीची वाटली न? त्याच दिवशी इथं दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. तेव्हा खैरागड आपल्याच राज्यात, म्हणजे जुन्या मध्य प्रदेशात होतं आणि राजधानी नागपूर होती, अजून जेमतेम अडीच आठवडे.

पलुसकरांची परीक्षा देऊन ऐकणारे तयार झाले, भातखंड्यांच्या कॉलेजातून मास्तर तयार झाले. मी त्यातलाच, तक्रार नाही. पण मैफल गाजवणारा गवई परीक्षेतून क्वचितच निघाला. टॉलीगंजचा सगळा खटाटोप त्यासाठी होता. वर्गात चाळीस मुलं बसवायची नाहीत, एका गुरूपुढं मोजकेच शिष्य, आणि घाई नाही. तिथं पदवीसाठी कुणी जात नाही.

राशिद खान तर तुझा देवच आहे. बदायूँचा मुलगा, निसार हुसेन खाँ नात्यानं आजोबा. लहानपणी गाण्यापेक्षा क्रिकेटमध्ये जास्त जीव. खाँसाहेब पहाटे चारला उठवायचे आणि एकेक स्वर तासन्‌तास घोटून घ्यायचे, कधी अख्खा दिवस एकच स्वर. १९८० मध्ये खाँसाहेब कोलकात्याला आले तेव्हा हा लहानगा पोरगाही बरोबर आला आणि अकादमीतच वाढला. तू त्याची तान ऐकून मला पाठवतेस, ‘सर, ऐका!’ ती तान मला त्या एका स्वराच्या दिवसांतून आलेली ऐकू येते. जानेवारी २०२४ मध्ये गेला तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. गवयाचं ते काही जायचं वय नव्हे.

पण बाबांना राशिद खानचं उदाहरण देऊ नको. ते म्हणतील, सगळेच कुठं राशिद खान होतात. आणि ते बरोबरच म्हणतील. त्यांना उल्हास कशाळकरांचं सांग. पांढरकवड्याचे. वडील वकिली करायचे आणि गायचे. नागपुरात राजाभाऊ कोगजे आणि खर्डेनवीस यांच्याकडे शिक्षण, इथल्याच विद्यापीठात संगीताचं एम.ए., मग मुंबईत राम मराठे आणि गजाननबुवा जोशी. मध्ये आकाशवाणीत नोकरी. आणि १९९३ साली अकादमीनं त्यांना गुरू म्हणून बोलावलं. यवतमाळ जिल्ह्यातला माणूस कोलकात्याला शिकवायला गेला, आणि ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा या तिन्ही गायक्या घेऊन गेला. आपल्याकडच्या लोकांना हे कौतुक पुण्या-मुंबईनं सांगितल्यावरच समजतं, तो वेगळा विषय.

नोकरीचा प्रश्न निघालाच तर वसंतराव देशपांडे आहेतच. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, नंतर कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी केली. आज सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, आणि तू तिथं मागच्या रांगेत बसून चिवडा खातेस. पण मला स्वतःला वाटतं, त्या कारकुनीची वर्षं वसंतरावांना कुणी परत दिली असती तर बरं झालं असतं. आणि अकादमी तुला नेमकं तेच देते. वेळ. आज तुझा दिवस कसा जातो ते मी बघतो. सकाळी कॉलेज, दुपारी धरमपेठेत दोन शिकवण्या, संध्याकाळी मनीषनगरात एक, मधल्या वेळात कुणाच्या लग्नातल्या ‘संगीत’साठी गाणी बसवायची, आणि रात्री दहाला स्कूटीवरून आल्यावर रियाज. तो रियाज नाही बाई, ती हजेरी आहे.

आता माझी गोष्ट सांगतो, तुला कधी सांगितली नाही. मी तेवीस वर्षांचा असताना अशाच एका मोठ्या संस्थेत निवडीला गेलो होतो. दुसरं शहर, दुसरी संस्था, नाव घेत नाही, त्यांची काही चूकही नव्हती. दुपारची वेळ म्हणून मी मुलतानी तयार करून नेला होता. चार महिने घोटलेला, ताना अशा की खोलीचं छत उडावं. समोर तिघं जण. त्यातले एक म्हणाले, ‘आधी तानपुरा लावून घ्या.’

मी खुंट्या पिळायला लागलो. पंचम कसाबसा बसला. जोडीच्या दोन तारा मात्र एकमेकींत मिसळेनात, एक वर जायची, एक खाली. समोर भिंतीवर घड्याळ होतं, अकरा मिनिटं झाली. शेवटी तेच गृहस्थ उठले, भोपळ्याला कान लावला, तारेतला मणका केसभर खाली ओढला, तारेखालचा जवारीचा दोरा अंगठ्यानं जरा सरकवला. एवढंच. आणि तानपुरा बोलायला लागला. नंतर त्यांनी माझा मुलतानी पूर्ण ऐकून घेतला, चहा दिला. पत्र काही आलं नाही.

आठ वर्षं मी माझ्या गुरुजींकडे शिकलो, रोज त्यांनीच लावलेल्या तानपुऱ्यावर गायलो. ‘मला लावू द्या’ असं मी एकदाही म्हटलं नाही. त्यांनी शिकवायला हवं होतं असं पुष्कळ वर्षं वाटायचं. आता मीच शिकवतो तेव्हा कळतं, मागितल्याशिवाय ती गोष्ट देता येत नाही, कारण शिष्याला ती नको असते. त्याला तान हवी असते.

आणि हे आत्ताच का सांगतोय? मागच्या महिन्यात मी तुझ्याकडे सक्करदऱ्याला आलो होतो, आठवतं? तू मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप काळी चार पट्टीला लावून बसली होतीस, शेजारी कूलर घरघरत होता. मी गप्प ऐकत होतो. दहा मिनिटांत तुझा सा ॲपवरून उतरला आणि हळूच कूलरच्या घरघरीवर जाऊन बसला. तुला पत्ताच नव्हता. आई कूलरमध्ये पाणी टाकायला आली, तिनं बटण बंद केलं, आणि तुझा सा एकदम उघडा पडला. तू दचकून माझ्याकडे पाहिलंस. मी तेव्हा काही बोललो नाही, आईसमोर कशाला.

तिकडे गेलीस तर हवाच उलटी आहे. इथल्या कोरड्या उन्हात तबल्याचा स्वर चढतो, पुडी म्हणजे वरचं कातडं ताणून बसतं. तिथल्या दमट हवेत पुडी ढिली पडते, तानपुऱ्याच्या तारा सकाळी एक आणि दुपारी दुसरं बोलतात. ॲप त्या हवेत काही बदलत नाही, म्हणूनच ते काही शिकवतही नाही.

एक भीती मला आहे ती सांगून ठेवतो. सगळी घराणी एका कुंपणात आली की शेजारच्या खोलीतलं गाणं भिंतीतून येतं. चांगला कान असेल तर ही चैन आहे. कच्चा असेल तर पोरं सगळ्यांचं थोडंथोडं उचलतात, आणि पाच वर्षांनी मंचावर बसलेला मुलगा कुणाचा ते ओळखू येत नाही. म्हणून चाचणीआधीच विचार, कुणापुढं बसवणार. त्या गुरूंचं गाणं समोर बसून ऐकलं नसेल तर ऐकून ये. ऐकून पोटात काही हललं नाही तर सरळ परत ये, निवडीची चिठ्ठी मिळाली तरी. कंपनीच्या नावाची पाटी गळ्यात अडकवून हिंडायला तुला पाठवत नाही मी.

बाकी किरकोळ. गीतांजली एक्स्प्रेस संध्याकाळी इथून पकडली की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. ती गाडीही १९७७ चीच बरं का, मधू दंडवतेंनी सुरू केली, एकाच वर्गाची गाडी म्हणून. तर्री-पोहे विसर, तिथं मासे आणि गोड दही. बंगाली चार वाक्यं शिकून घे, तिथली माणसं लगेच आपली होतात. आईला सांग, सांबारवडीचा हट्ट धरून डबा देऊ नको, ती रात्रीतच आंबते.

चाचणीला अजून पाच आठवडे आहेत. ख्याल नवा बसवायचा नाही. यमन आहे तोच राहू दे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला माझ्याकडे ये, माझा मिरजेचा जुना तानपुरा काढून ठेवतो, वर्षभर कुणी हात लावलेला नाही, पार उतरलेला असेल. तारांचा एक संच बर्डीच्या बाजारातून घेऊन ये, जोडीची एक तार गंजली आहे. मोबाइल घरी ठेव. मी कूलर बंद ठेवीन, घाम येईल, रुमाल आण.

बाबांना सोबत आणलंस तरी चालेल. काकूंनी त्यांच्यासाठी चहाचं कबूल केलंय.

तुझे,
सर