चंदेरी समुद्र काळा का पडतो?

प्रश्न : इराणी लघुचित्रांच्या धर्तीवर मालवणचे बंदर रंगवले. हातकागद, डिंकात घोटलेले रंग, समुद्राला चांदीचा वर्ख. पावसाळा सरेपर्यंत समुद्र काळवंडला आणि आकाशाचा निळा बोटाला चिकटू लागला. काय चुकले? आणि दूरच्या होड्या लहान काढायच्या का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आधी समुद्र. जुन्या इराणी चित्रकारांनीही ओढे आणि हौद चांदीनेच रंगवले; संग्रहालयांतल्या कित्येक पानांवर आज ते करडे-काळे दिसतात. हवेतल्या गंधकयुक्त वायूने चांदीचे सल्फाइड होते. ओहोटीला खाडीच्या चिखलाला येणारा कुजका वास याच वायूचा, आणि दमट हवेत हे काम लवकर उरकते. वार्निशने काळिमा लांबतो, टळत नाही. पुढच्या चित्रात अभ्रकाची बारीक पूड डिंकात कालवून लावा. चांदीइतकी झळाळत नाही, पण काळीही पडत नाही. 'सोनेरी' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त वर्खापासूनही लांबच राहा, तो पितळी असतो. आताचा समुद्र घासायला जाऊ नका, वर्खच निघून येईल. काळे पाणी तसे वाईट दिसत नाही.

निळ्याच्या डिंकात बहुधा मध किंवा ग्लिसरीन असावे. रंग तडकू नये म्हणून ते घालतात, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे ते हवेतले पाणी ओढून घेते. वजनाने 1 भाग डिंक, 2 भाग पाणी. रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. डिंक कमी पडला तर सुकलेला रंग बोटाला पुडीसारखा लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणून प्रत्येक रंगाचा ठिपका सुकवून, बोट घासून बघा.

कागदाला बुरशी येऊ नये म्हणून कागदाचे थर एकमेकांवर चिकटवायच्या मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे: भांडे वेगळे ठेवा, ॲल्युमिनियमचे नको. फ्रेमची काच चित्राला टेकवू नका आणि जांभ्याच्या ओलसर भिंतीवर टांगू नका.

होड्या लहान करू नका. क्षितिज वरच्या पाचव्या हिश्शात न्या. जवळची होडी खाली, दूरची वर. या शैलीत हौद वरून दिसतो आणि काठावरची माणसे बाजूने, तेही एकाच चित्रात. तसेच सिंधुदुर्गचा तट वरून आणि होड्या बाजूने दाखवा. सावल्या मात्र टाकू नका. लाहोरमध्ये जन्मलेल्या चित्रकार शहाझिया सिकंदर यांचे 'द स्क्रोल' (1989-90) बघा: आजचे घर, खोलीखोलीतून फिरणारी तीच तरुणी, आणि मांडणी जुन्या लघुचित्राची.