फ्रान्चेस्को की फ्रान्सिस?

प्रश्न: इटलीतल्या आसिसी गावच्या संताला कुणी फ्रान्चेस्को म्हणतं, कुणी फ्रान्सिस. खरं नाव कोणतं?

उत्तर: बाप्तिस्म्याचं नाव तर तिसरंच, जोव्हान्नी! जन्म ११८१-८२चा. कापडाचे व्यापारी असलेले वडील फ्रान्सहून परतले आणि मुलाला ‘फ्रान्चेस्को’, म्हणजे ‘फ्रेंच’, म्हणू लागले, अशी परंपरागत हकिकत आहे. १२२८ मध्ये त्याला संतपद मिळालं आणि त्याच्या पंथाच्या साधूंबरोबर नाव युरोपभर गेलं. इंग्रजीत फ्रान्सिस, फ्रेंचमध्ये फ्रान्स्वा, जर्मनमध्ये फ्रान्त्स, हंगेरियनमध्ये फेरेन्त्स. स्पॅनिशमध्ये फ्रान्सिस्को, पण घरात पाको किंवा पांचो. गोव्यात १५४२ मध्ये आलेले झेवियर याच नावाचे.

मराठीत लिहिताना घोळ रोमन ‘सी’ (c) अक्षराचा होतो. इटालियनमध्ये ‘ए’ किंवा ‘इ’ स्वरापूर्वी त्याचा उच्चार ‘च’, म्हणून ‘फ्रान्सेस्को’ चूक. मुलीचं नाव फ्रान्चेस्का.