हातावरचे जांभळे डाग

प्रश्न : आईचं वय ७४. हातांची कातडी कागदासारखी पातळ झाली आहे. जरा घासलं तरी जांभळा डाग उठतो, कधी सालपट निघतं. रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आहेत. कोलेजनची पावडर सुरू करू का?

उत्तर : पावडरीवर पैसे घालवू नका. कोलेजन म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन. पोटात गेलं की ते इतर प्रथिनांसारखंच पचतं. त्यातून हातावरची कातडी जाड होईल याचा भक्कम पुरावा नाही. जेवणात डाळ, दूध, अंडी पुरेशी असू द्या.

कोलेजन बनवतात त्वचेच्या आतल्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी. त्या कायम विभागत राहत नाहीत. प्रयोगशाळेत त्या साधारण ५० विभाजनांनंतर थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं. थांबलेली पेशी लगेच मरत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. ती जागेवर राहून कोलेजन तोडणारी एन्झाइम्स आणि दाह वाढवणारी रसायनं सोडते. नवं कोलेजन कमी, मोडतोड जास्त. मग बारीक रक्तवाहिन्यांचा आधार जातो आणि किरकोळ धक्क्यानेही त्या फुटतात. ऊन हे सगळं लवकर घडवून आणतं. आईंच्या दंडाची आतली बाजू पाहा, तिथली कातडी बरीच बरी दिसेल.

अंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांत. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. टॉवेलने टिपा, घासू नका. अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, रात्री पुन्हा एकदा. बाहेर पडताना पूर्ण बाह्या आणि एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. टोकदार अंगठ्या, काचेच्या बांगड्या काढून ठेवलेल्या बऱ्या.

सालपट निघालं तर ते कापू नका. सलाइनने धुऊन ओल्या गॉझने हलकेच जागेवर सरकवा, वर न चिकटणारं ड्रेसिंग ठेवून सैल पट्टी गुंडाळा. चिकटपट्टी थेट कातडीवर कधीच नको. काढताना नवी जखम होते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

खाजेसाठी दुकानातून आणलेलं बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलचं मलम चालू असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्याने कातडी आणखी पातळ होते. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी मात्र परस्पर बंद करू नका. डाग दोन-तीन आठवड्यांत विरतात, मागे तपकिरी छटा राहते. पण ते पोटा-पाठीवर आले, हिरड्यांतून रक्त आलं किंवा एखादी जखम महिनाभर भरली नाही, तर लगेच दाखवा.