विषमतेविरुद्धच्या आंदोलनांना सामान्य माणसांचा खरंच पाठिंबा असतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: गरीब-श्रीमंतांतली दरी वाढतेय हे सगळेच मान्य करतात, मग त्यासाठी कुणी रस्त्यावर उतरलं की तेच लोक नाक का मुरडतात? आणि कधीकधी अचानक त्याच आंदोलकांना डोक्यावर का घेतात?

मी अभ्यासक नाही. गिरणी कामगाराची मुलगी आहे आणि लग्नानंतर विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. ही दोन्ही टोकं मी घरात आणि दारात पाहिली आहेत, त्यावरून सांगते. पाठिंबा असतो, मनापासूनही असतो. पण तो बहुतेक वेळा समोर दिसणाऱ्या माणसांना असतो. त्यांची मागणी काय आहे, हे पाठिंबा देणाऱ्याला अनेकदा माहीतच नसतं.

11 मार्च 2018, रविवार. किसान सभा या शेतकरी संघटनेचा लाँग मार्च 6 तारखेला नाशिकहून निघाला होता. कसारा घाट उतरून, शहापूर, भिवंडी, ठाणे करत तो ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने येत होता. नाशिक ते मुंबई साधारण 180 किलोमीटर. आमच्या वसाहतीतली माणसं पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, केळी घेऊन हायवेवर गेली, मीही गेले. लाल टोप्या, लाल झेंडे, नजर पोचेल तिथवर रांग. कुठे धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. दमलेल्या माणसांच्या चालण्याचा एक आवाज असतो, तो येत होता.

कडेला एक बाई बसली होती, माझ्या आईच्या वयाची, सुरगाण्याकडची. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला फडकं गुंडाळलेलं. पाणी ओतायला म्हणून तिने फडकं सोडलं, तर टाचेची सुटलेली कातडी फडक्याला चिकटून आली. तिने हूं की चूं केलं नाही. मी माझ्या चपला काढून दिल्या. मापाला मोठ्या होत्या, तिने त्या त्याच फडक्याने बांधून घेतल्या. मी विचारलं, "मावशी, मागणी काय आहे तुमची?" ती म्हणाली, "पाच एकर कसतो बाई, सासऱ्याच्या वेळेपासून. कागद आला तो बारा गुंठ्याचा."

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. घरी येऊन वाचलं. 2006 चा वनहक्क कायदा सांगतो की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींना ती जमीन 4 हेक्टरपर्यंत त्यांच्या हक्काची करून द्यायची. कायदा होऊन तेव्हा अकरा-बारा वर्षं झाली होती. कुणाचा दावा फेटाळलेला, कुणाचा पडून, कुणाला कसत्या जमिनीचा एक तुकडा मंजूर. त्या मोर्चातले कितीतरी लोक याच एका कागदासाठी चालत होते. आमच्या इमारतीत मात्र सगळे म्हणत होते, "कर्जमाफीसाठी आलेत बिचारे." मीही तेच म्हणत होते. कर्जमाफी, हमीभाव या मागण्याही होत्याच, पण ज्या बाईच्या पायाला मी चप्पल दिली, तिचं मूळ दुखणं वेगळंच होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दहावीची परीक्षा चालू होती, माझी मुलगी दहावीला. मोर्चा रात्री सोमय्या मैदानावर मुक्कामाला होता. सकाळी वाहतूक अडली तर मुलांचा पेपर बुडेल म्हणून ती माणसं मध्यरात्रीनंतर उठली आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानात पोचली. सहा दिवस चाललेल्या पायांनी झोप सोडून पुन्हा चालायला घेतलं, ते माझ्या मुलीसाठी. हे आठवलं की आजही माझा गळा दाटतो. त्या दिवशी मुंबईने जे केलं तेही खरं होतं. डबेवाल्यांनी जेवण दिलं, कुणी चपलांचे ढीग आणून टाकले, डॉक्टर मलमपट्टीला बसले. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारांनी "शहरी माओवाद" असा शब्द वापरला तेव्हा आमच्या इमारतीतले त्याच पक्षाचे मतदारसुद्धा चिडले. संध्याकाळपर्यंत सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या.

आता नऊ महिने मागे जा. 1 जून 2017, पुणतांब्यातून सुरू झालेला शेतकरी संप. मागण्या बऱ्याचशा त्याच, कर्जमाफी आणि शेतमालाला भाव. पण टीव्हीवर दिसत होतं ते रस्त्यावर ओतलेलं दूध. आमच्या घरात दूध उतू गेलं तरी आई दिवसभर हळहळायची, त्यामुळे ते दृश्य मला बघवलं नाही. इमारतीच्या ग्रुपवर मेसेज फिरला की ओतायचंच होतं तर गरिबांच्या पोरांना वाटायचं. मीही तो पुढे पाठवला. भाजी महाग झाली होती, त्याचाही राग होताच. आम्ही दुधाच्या पिशवीला जे पैसे मोजतो त्यातले शेतकऱ्याच्या हातात किती पडतात, हे त्या आठवड्यात मी एकदाही विचारलं नाही. त्या संपानंतर सरकारने 34,022 कोटींची कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा आमच्याकडे प्रतिक्रिया होती, "आपल्या टॅक्समधून."

माणसं तीच, शहर तेच, मागण्याही जवळपास त्याच. आम्हाला होणारा त्रास तेवढा बदलला. 2017 मध्ये त्याची झळ आमच्यापर्यंत आली होती. 2018 मध्ये सगळा त्रास त्यांनी स्वतःच्या पायांवर घेतला. म्हणून मला वाटतं, लोकमत कुणाच्या बाजूने आहे यावरून मागणी न्याय्य की अन्याय्य हे ठरवू नये. तोच मोर्चा सोमवारी सकाळी नऊला सायनला असता आणि माझ्या मुलीची बस अडकली असती, तर मी काय बोलले असते हे मला माहीत आहे. त्या बाईचे बारा गुंठे तेव्हाही बारा गुंठेच राहिले असते.

गिरणी संपाचंही सांगते, कारण तिथे मी आतून पाहिलंय. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सुमारे अडीच लाख कामगार. लालबागमध्ये पहिले काही महिने विरोधाचा शब्द ऐकू येत नव्हता. चाळीखालचा वाणी उधारीवर माल द्यायचा, वडिलांच्या नावाचं पान भरलं की वहीत दुसरं उघडायचा. गावाहून तांदूळ यायचे. दादरला राहणारे आमचे एक नातेवाईक मात्र पहिल्यापासून म्हणायचे, यांना काम नको, पगार हवा. त्यांना बदली कामगार म्हणजे काय हे माहीत नव्हतं. रोज गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं आणि काम मिळालं तर दिवस भरायचा, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. वर्ष उलटलं तसे आमच्या बाजूचे लोकही थकले. वाण्याने एक दिवस आईला हळूच विचारलं, "वहिनी, साहेब कामावर कधी जाणार?" त्याचीही चूक नव्हती, त्यालाही घाऊकवाल्याचे पैसे द्यायचे होते. तरी 1984 च्या लोकसभेला, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, मुंबईतून सामंत काँग्रेसविरुद्ध निवडून आले. म्हणजे संप हातचा गेला होता तरी गिरणगावाच्या मनातून ते उतरले नव्हते. ज्यांना त्या विषमतेची झळ रोज बसते त्यांचं मत आणि बघणाऱ्यांचं मत यांत एवढं अंतर असतं, हे मी तिथे शिकले.

हे फक्त आपल्याकडचं नाही. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये "आम्ही 99 टक्के" म्हणत लोक बसले, तेव्हाच्या अमेरिकेतल्या जनमत चाचण्यांतही हेच दिसलं होतं. जवळपास निम्म्या लोकांना त्यांचं म्हणणं पटत होतं आणि जवळपास निम्म्यांना त्यांची पद्धत पटत नव्हती.

लोकमताला काही किंमत नाही, असं माझं म्हणणं नाही. 2018 ला सरकार एका दिवसात हललं त्यात मुंबईकरांच्या सहानुभूतीचा वाटा नक्की होता. पण ती टिकते का, हे बघायला हवं. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं आश्वासन होतं. ते नीट पुरं झालं नाही म्हणून फेब्रुवारी 2019 मध्ये तेच लोक नाशिकहून पुन्हा निघाले आणि लेखी आश्वासनावर थांबले. मार्च 2023 मध्ये तिसऱ्यांदा निघाले, दिंडोरीहून. या वेळी कांद्याचा भाव पार कोसळला होता, आणि वनजमिनीची मागणी तशीच होती. सरकारने कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर केलं आणि मोर्चा शहापूर तालुक्यात वाशिंदला थांबला. तिथे मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. मुंबईत मोर्चा आलाच नाही, त्यामुळे मुंबईला त्याबद्दल काही मत बनवायची वेळच आली नाही. आमच्या ग्रुपवर त्या आठवड्यात एकही मेसेज नव्हता.

वाशिंदला विक्रोळीहून लोकलने जाता येतं, कल्याणला गाडी बदलायची. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, तिने बातमी वाचून विचारलं, "आई, त्या चपलावाल्या आजी असतील का गं तिथे?" आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी निघायचं ठरवत होतो, तेवढ्यात मोर्चा मागे घेतल्याची बातमी आली. त्या बाईचा सातबारा झाला की नाही, हे मला आजही कळलेलं नाही.